गाणं कुणाचं? पुण्याच्या स्टुडिओत गीतरामायण कसं घडलं

  हे बोलणं तुम्ही रेडिओवर ऐकलं असेल तर आता निवांत वाचा. ऐकायचं राहून गेलं असेल तर गटाच्या बैठकीत एकीनं मोठ्यानं वाचावं आणि बाकीच्यांनी ऐकावं.

आज आधी आमची एक चूक सांगतो.

गेल्या संक्रांतीला भीमेच्या अलीकडच्या एका गटानं पाण्यावरचं गाणं बसवलं होतं. शब्द एकीचे, चाल दुसरीची, गळा तिसरीचा आणि ढोलकीवर गावातला एक मुलगा. गाणं असं रंगलं की नदीपलीकडून, दौंडच्या बाजूनंही "पुन्हा लावा" म्हणून फोन आले. पण ते लावताना आम्ही नाव घेतलं फक्त गाणाऱ्या ताईचं. बाकीच्यांची नावं घ्यायचं आम्हाला सुचलंच नाही. गाणं संपलं आणि आम्ही कांद्याच्या बाजारभावाकडे वळलो.

जिनं शब्द लिहिले होते ती काही बोलली नाही. फक्त पुढच्या तीन बैठकांना आली नाही. चौथ्या वेळी आम्ही तिच्या घरी गेलो. तिनं चहा ठेवला, इकडचं तिकडचं बोलली आणि शेवटी म्हणाली, "मला नावाची हौस नाही. पण मी घरात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, आज माझं गाणं लागणार आहे. सासूबाई पण बसल्या होत्या ऐकायला. गाणं झालं आणि त्या म्हणाल्या, हे तर दुसरीचंच आहे की!"

त्या दिवशी परत येताना आम्ही कुणी फारसं बोललो नाही. पण एक प्रश्न मनात राहिला. चार जणी मिळून गाणं करतात, तेव्हा ते कसं करावं, आणि झाल्यावर ते कुणाचं म्हणावं? त्याचं उत्तर शोधताना आम्हाला आपल्याच जिल्ह्यात, पुण्याच्या आकाशवाणीवर घडलेली एक मोठी गोष्ट आठवली. ती गोष्ट म्हणजे गीतरामायण.

एक कल्पना, दोन माणसं

आकाशवाणीचं पुणे केंद्र 2 ऑक्टोबर 1953 रोजी सुरू झालं. केंद्र नवं होतं, लोकांना रेडिओजवळ ओढून आणेल असं काहीतरी हवं होतं. तिथले अधिकारी सीताकांत लाड यांच्या मनात आलं की रंजनही होईल आणि चार चांगल्या गोष्टीही कानावर पडतील, अशी एक गाण्यांची मालिका करावी. दर आठवड्याला एक गाणं, असं वर्षभर. त्यांनी ही कल्पना कवी ग. दि. माडगूळकरांना सांगितली. रामायणाची कथा गाण्यांतून सांगायचं ठरलं आणि संगीताचं काम सुधीर फडक्यांकडे आलं.

माडगूळकर, म्हणजे सगळ्यांचे गदिमा, आताच्या सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी तालुक्यातले. तो सगळा माणदेश म्हणजे दुष्काळी मुलूख. आपल्या शिरूरच्या कोरडवाहू भागातल्या बाईला तो निराळा सांगावा लागणार नाही. कीर्तन, ओव्या, पोवाडे ऐकतच ते वाढले. सुधीर फडके, म्हणजे बाबूजी, कोल्हापूरचे. दोघांचाही जन्म 1919 सालचा. चित्रपटांच्या निमित्तानं दोघांनी आधी एकत्र काम केलेलं होतं. 1952 सालच्या 'लाखाची गोष्ट' चित्रपटाची गाणी याच जोडीची. म्हणजे एकमेकांचा स्वभाव, एकमेकांची घाई, एकमेकांचा राग त्यांना ठाऊक होता. नवख्या माणसांनी एकदम वर्षभराचा वायदा केला नव्हता. ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. गटातही मोठं काम अंगावर घ्यायच्या आधी लहान काम एकत्र करून बघावं.

वार ठरला, मग सुटका नाही

पहिलं गाणं लागलं 1 एप्रिल 1955 रोजी, रामनवमीच्या दिवशी. तो शुक्रवार होता. तिथून पुढे दर शुक्रवारी सकाळी नवं गाणं. शेवटचं गाणं लागलं 19 एप्रिल 1956 रोजी, पुढच्या रामनवमीला. आधी हिशेब 52 गाण्यांचा होता, वर्षाचे आठवडे 52 म्हणून. पण त्या वर्षी अधिक महिना आला, एका रामनवमीपासून दुसरी रामनवमी लांबली आणि गाणी झाली 56.

आता विचार करा. 56 आठवडे, एकही खाडा न करता. शब्द लिहायचे, चाल लावायची, गाणारा ठरवायचा, वादक जमवायचे, तालीम करायची. घरात कुणी आजारी असो, पाऊस असो, दिवाळी असो, शुक्रवार काही कुणासाठी थांबत नाही. दूध डेअरीला घालणाऱ्या बाईला हे बरोबर कळेल. गाय दोन्ही वेळा दूध देते, "आज जमणार नाही" असं तिला सांगता येत नाही.

पहिल्याच गाण्याची एक गोष्ट पुष्कळांनी सांगितली आहे. गदिमांनी गाणं लिहून दिलं आणि ध्वनिमुद्रणाची वेळ झाली तर तो कागद सापडेना. बाबूजींकडून तो हरवला होता. नव्यानं लिहून द्यायला गदिमा तयार होईनात, ते रागावलेले. घड्याळ तर पुढे सरकतंय. शेवटी लाडांनी म्हणे त्यांना कागद आणि लेखणी देऊन एका खोलीत बसवलं आणि बाहेरून कडी घातली. "गाणं झालं की दार वाजवा." पंधरा मिनिटांत गाणं पुन्हा कागदावर आलं आणि तेच पुढे लागलं.

हसू येतं खरं. पण या गोष्टीत तीन माणसं आहेत हे बघा. एकाच्या डोक्यात शब्द आहेत, दुसऱ्याच्या गळ्यात चाल आहे, आणि तिसरा, ज्याला लिहायचंही नाही नि गायचंही नाही, तो काम पुढे ढकलतोय. भांडण मिटवणारा, वेळ सांभाळणारा, दाराला कडी घालणारा असा एक माणूस नसता, तर पहिला शुक्रवार रिकामा गेला असता. आपल्या गटात हे काम बहुतेक सचिव ताई करते, आणि तिचंही नाव कुणी घेत नाही.

आधी शब्द, मग चाल

चित्रपटात पुष्कळदा चाल आधी तयार असते आणि कवी तिच्या मापानं शब्द बसवतो. गीतरामायणात शब्द आधी आले. गदिमांनी एक युक्ती केली. कथा सांगणारा कुणी तिऱ्हाईत ठेवला नाही. सुरुवातीला लव आणि कुश रामापुढे रामचरित्र गातात, आणि मग कथेतला एकेक जण स्वतःच्या तोंडानं बोलायला लागतो. कौसल्या बोलते, सीता बोलते, अहल्या, शबरी आणि रागानं पेटलेली शूर्पणखासुद्धा. आपण जात्यावर बसल्यावर हेच करत आलो आहोत. सीतेचा वनवास आपल्या आज्यांनी "तिचं असं झालं" म्हणून गायला नाही, तिच्या जागी बसून गायला.

बाबूजींचं काम होतं त्या बोलण्याला सूर देण्याचं. प्रत्येक गाण्याचा प्रसंग निराळा, म्हणून राग निराळा. सगळ्या गाण्यांत मिळून तीसहून जास्त राग आले आहेत. पण ऐकणाऱ्याला राग ओळखता आला पाहिजे असं कुठेच नाही. ओळखू येतं ते आईचं काळीज, भावाचा संताप, नावेतल्या माणसांचा आनंद. बाबूजींचा कटाक्ष असायचा की शब्द स्पष्ट ऐकू आला पाहिजे. चालीच्या नादात अक्षर तुटता कामा नये, श्वास शब्दाच्या मध्ये घेता कामा नये. म्हणून तर शाळेत न गेलेल्या बाईलाही ती गाणी एकदोनदा ऐकून पाठ व्हायची.

सगळी गाणी त्यांनी एकट्यानं गायली नाहीत. रामाचा आवाज त्यांचा, पण इतर पात्रांसाठी त्यांनी कितीतरी गळे बोलावले. लता मंगेशकर, माणिक वर्मा, मालती पांडे, योगिनी जोगळेकर, ललिता फडके; पुरुषांत वसंतराव देशपांडे, राम फाटक, गजानन वाटवे, बबनराव नावडीकर. काही गाणी तर मेळ्यानं गायची. ज्या पात्राला जो आवाज शोभेल तो द्यायचा, हा हिशेब. पुढे बाबूजी रंगमंचावर एकटे बसून गीतरामायण म्हणू लागले, तेच आपल्यापैकी बहुतेकींच्या कानांत आहे. त्यामुळे रेडिओवर ते कितीतरी जणांचं होतं हे विसरायला झालं. बघा, इथंही तेच घडलं. एक नाव वर राहतं आणि बाकीची खाली बसतात.

एकाच वेळी सगळे

स्टुडिओ म्हणजे काय, हे आमच्या केंद्रात येऊन गेलेल्या मैत्रिणींना ठाऊक आहे. बाहेरचा आवाज आत येऊ नये अशी बंद खोली, आतला आवाज घुमू नये म्हणून भिंतींना मऊ अस्तर, मध्ये मायक्रोफोन. त्या काळात आवाज तुकड्यातुकड्यांनी घेऊन नंतर जुळवायची सोय अशा केंद्रावर नव्हती. गाणारा, व्हायोलिन, बासरी, तबला, सगळे एकाच खोलीत, एकाच वेळी. तबलजीचा ठेका चुकला तर गाणाऱ्यालाही पुन्हा पहिल्यापासून गावं लागायचं. आवाज लहानमोठा करायचा तर माणसानं पुढेमागे सरकायचं. गाणारा मायक्रोफोनजवळ, मोठ्या आवाजाचं वाद्य लांब. म्हणून तालीम आधी पक्की लागायची, आणि म्हणूनच एकमेकांकडे बघत गायची, थांबायची सवय लागायची.

पुढे दहा-बारा वर्षांत जगात हे बदललं. इंग्लंडमध्ये 'द बीटल्स' नावाचं चार तरुणांचं पथक होतं. गिटार आणि ड्रमवरचं जोरकस संगीत, ज्याला रॉक म्हणतात, ते त्यांनी जगभर नेलं. 1967 साली त्यांनी लंडनच्या स्टुडिओत 'अ डे इन द लाइफ' नावाचं गाणं केलं. जॉन लेननकडे गाण्याची सुरुवात आणि शेवट होता, मधलं काही सुचत नव्हतं. पॉल मॅकार्टनीकडे भलत्याच गाण्याचा एक अर्धवट तुकडा पडून होता. त्यांनी तो मध्ये बसवला. दोन तुकडे जोडायला मध्ये जागा रिकामी सोडली, ती किती मोजायची म्हणून एक मदतनीस मोठ्यानं आकडे म्हणत राहिला, आणि नंतर 40 वादक बोलावून ती जागा भरली. हे जमलं कारण त्यांच्या यंत्रात फितीवर चार पदर निरनिराळे घेता येत. वेणी घालताना एक पदर हातात धरून दुसरा गुंफतो तसं.

आम्हाला त्यांची आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटली. या दोघांनी तरुणपणीच ठरवलं होतं की गाणं कुणीही लिहिलेलं असो, नाव दोघांचं लागेल. त्यामुळे ऐन कामात "हे माझं, ते तुझं" आड आलं नाही. पण कुणाचं नाव आधी आणि कुणाचं नंतर, यावरून पुढे कितीतरी वर्षांनी कुरबूर झालीच. एवढी मोठी माणसं, तरी नावाचा विषय सुटला नाही. मग आपल्या ताईला वाईट वाटलं, त्यात नवल ते काय?

घरोघर पोचलेलं गाणं

गीतरामायण लागायचं तेव्हा रेडिओ गावात एखाद्याच घरी. लोक त्या घरी जमायचे. रेडिओला हार घालून, उदबत्ती लावून ऐकणारी घरं होती, हे जुनी माणसं आजही सांगतात. नवं गाणं वर्तमानपत्रांत छापून यायचं. 1957 साली पुस्तक निघालं. पुढे हिंदी, गुजराती, कानडी, बंगाली अशा कितीतरी भाषांत ते गेलं. एका नव्या केंद्रावरचं आठवड्याचं काम, पण जगलं ते असं.

आपल्या ओव्यांची नोंद

आता दुसरी बाजूही बघू. आपल्या घरातल्या ओव्या कुणी रचल्या? कुणालाच माहीत नाही. हजारो बायकांनी रचल्या, हजारोंनी त्यात आपली भर घातली, आणि एकीचंही नाव राहिलं नाही. जातं कोपऱ्यात गेलं, पिठाची गिरणी आली, ओव्याही बसायला लागल्या. पुण्यातल्या हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी पॉइतवँ या दोघांनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर गावोगाव फिरून या ओव्या लिहून घेतल्या. एक लाखाहून जास्त ओव्या, एक हजाराहून जास्त गावांतून. पुढे बर्नार्ड बेल यांनी कितीतरी बायकांचा आवाजही ध्वनिमुद्रित केला. आपल्या शिरूर तालुक्यातल्या सविंदण्याच्या बायकांच्या ओव्याही त्या संग्रहात आहेत. आणि या कामाची मोठी गोष्ट ही की ओवीबरोबर गाणारीचं नाव आणि गाव लिहिलं गेलं. रचणारी कोण ते कळलं नाही, पण म्हणणारी कोण ते आता पुसलं जाणार नाही.

मग आपण काय करायचं?

आमच्या चुकीनंतर आम्ही गाण्याच्या कामाची रीत ठरवली. तुमच्याही गटाला उपयोगी पडेल म्हणून सांगतो.

पहिलं, काम सुरू व्हायच्या आधी कुणाकडे काय ते ठरवा. शब्द कुणाचे, चाल कुणाची, गाणार कोण, साथीला कोण, आणि वेळ सांभाळणारी कोण. वाद झाला तर शेवटचा शब्द कुणाचा, हेही तेव्हाच. गाणं गाजल्यावर ठरवायला बसलो तर भांडण होतं.

दुसरं, गाण्याच्या दोन प्रती काढा. एक लिहिणारीकडे, एक गाणारीकडे. मोबाइलवर फोटोही काढून ठेवा. पंधरा मिनिटांत पुन्हा लिहून देणारे गदिमा प्रत्येक गटात नसतात.

तिसरं, चाल लावायच्या आधी शब्द नुसते मोठ्यानं वाचा. जीभ जिथे अडखळते तिथे शब्द बदला. श्वास कुठे घ्यायचा तिथे कागदावर खूण करा.

चौथं, ध्वनिमुद्रणाच्या दिवशी हातातल्या काचेच्या बांगड्या आवाज करतात, त्या काढून ठेवा किंवा वर सरकवून रुमाल बांधा. पंखा बंद, मोबाइल बंद. मायक्रोफोनपासून तोंड एक वीतभर लांब आणि जरासं बाजूला, म्हणजे श्वासाचा फटका बसत नाही. ढोलकी मागे, टाळ त्याहून मागे. घरी फोनवर मुद्रण करत असाल तर पत्र्याखाली नको. ज्या खोलीत गोधड्या आणि कपडे आहेत तिथे बसा, आवाज घुमत नाही.

पाचवं, नावांचा कागद. गाणं आमच्याकडे देताना त्याबरोबर शब्द, चाल, गायन, साथ आणि गाव लिहून द्या. गाणं जुनं असेल तर "पारंपरिक" लिहा आणि ज्या आजीकडून, मावशीकडून ऐकलं तिचं नाव, तिला विचारून, खाली लिहा. हा कागद आला नाही तर गाणं लागणार नाही, असा नियम आम्ही आता स्वतःला घातला आहे.

यात कायद्याचाही भाग आहे. आपल्या देशात 1957 सालचा कॉपीराइट कायदा आहे. त्यात गाण्याचे शब्द वेगळे, संगीत वेगळं आणि ध्वनिमुद्रण वेगळं धरलं जातं, आणि गाणाऱ्याचाही हक्क वेगळा मानला जातो. म्हणजे आपण म्हणतो "एक गाणं", पण कायदाही त्यात तीन-चार जणांचे हात बघतो. उद्या तुमचं गाणं कुणी जाहिरातीला किंवा प्रचाराला मागितलं, तर एकट्या गाणारीनं हो म्हणून चालणार नाही. सगळ्यांना विचारा, आणि ठरेल ते कागदावर घ्या.

शेवटी, त्या ताईचं

आम्ही ते पाण्याचं गाणं पुन्हा लावलं. या वेळी चारही नावं घेतली, शब्दांचं नाव सगळ्यात आधी. आदल्या दिवशी तिला फोन करून वेळ सांगितली. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. आम्हाला वाटलं, बरं वाटलं असं म्हणेल. ती म्हणाली, "दुसऱ्या कडव्यात एक शब्द गाताना बदलला गेलाय. माझ्या कागदावर निराळा आहे. पुढच्या वेळी नीट घ्या."

आम्ही चूक कबूल केली. पुढच्या बैठकीला ती आली, वही घेऊन. त्यात आणखी दोन गाणी होती. त्यांना चाल कोण लावणार आणि गाणार कोण, यावर आता दोन्ही काठांवरचे गट मिळून बसणार आहेत. दिवस शुक्रवारच ठरला आहे.

तुमच्या वहीतही असं काही पडून असेल, तर नावांच्या कागदासकट आमच्याकडे पाठवा. भेटू पुन्हा. रामराम.